पेटी एक, पेटी दोन

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. खोकं उघडताना कात्री जपून चालवा. आतलं काही कापलं गेलं तर वहिनी म्हणून सूट मिळणार नाही. आत दोन ॲम्प्लिफायर आहेत. दोन्ही सारख्याच काळ्या पेट्यांत बसवलेत, एकीवर १ लिहिलंय, दुसरीवर २. वजनावरून ओळख पटू नये म्हणून हलक्या पेटीत लोखंडाची पट्टी टाकलीय. दादाला म्हणावं, या वेळी धाकटा एक पाऊल पुढे आहे.

हे पत्र त्याच्याऐवजी तुम्हाला, कारण त्याचा हात दुखतो आणि यापुढे टिपणं तुम्ही लिहाल, असं तुमच्याच चिठ्ठीत होतं. तेव्हा नियम समजून घ्या. बावीस वर्षं झाली, माझ्या वर्कशॉपमधला प्रत्येक नवा ॲम्प्लिफायर गिऱ्हाइकाच्या गाडीत जाण्याआधी तुमच्या अंगणातल्या दादाच्या गाडीत बसतो. दादा तो जोडतो, गाणी लावतो, आणि जे ऐकू आलं ते कागदावर लिहून त्याच खोक्यातून परत पाठवतो. फोनवर सांगत नाही, कारण फोनवर माणूस भिडेपोटी 'छान आहे' म्हणतो, असं त्याचं मत. थिएटरात साउंड सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस तो, त्याच्या कानांपुढे माझी सगळी मीटरं पाणी भरतात. तो सांगेल ते तुम्ही उतरवून घ्या. स्वतःची भर घालू नका. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात तुम्ही दादाच्या स्पीकरवर ओले टॉवेल वाळत घातले होते, ते मी विसरलेलो नाही.

आता कामाचं. एका पेटीत माझा नेहमीचा क्लास एबी आहे, हाताने जोडलेला. तो तापतो, बॅटरी खातो, पण दादाच्या मते गाणं माणसाने गायल्यासारखं वाजवतो. दुसरीत क्लास डी. हा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत राहतो, त्यामुळे तापत नाही आणि बॅटरीही फारशी मागत नाही. दादा त्याला आजवर 'धमाधमवाला' म्हणून हिणवत आलाय, म्हणजे नुसते दणके द्यायला बरा. एका टॅक्सी कंपनीला चाळीस गाड्यांत गाण्याची सोय करून हवीय आणि कुठला देणार ते मला मार्चअखेर सांगायचंय. डी ठरला तर हाताने जोडायचं टेबल बंद होईल, त्यावर बसणाऱ्या दोन जुन्या कारागिरांना दुसरं काम द्यावं लागेल. एबी ठरला आणि उन्हात बंद पडला तर कंपनी मला दारात उभं करणार नाही. वर्कशॉपचं पुढचं सगळं दादाच्या कानावर सोडलंय. कुठल्या पेटीत काय ते सांगणार नाही. गरम कुठली ते हात लावून बघायचं नाही.

तुमचा दीर


१३ फेब्रुवारी

भाऊजी,

खोकं पोचलं, कात्री जपून चालवली. टॉवेलचा विषय अजून किती वर्षं काढणार ते एकदा कळवा, म्हणजे मनाची तयारी करून ठेवते. ते स्पीकर आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उन्हात ठेवलेली दोन लाकडी खोकी दिसली, कोणीही टॉवेल घालणारच.

हे सांगतात तसं लिहिते.

पेटी १: आवाज भरदार. खालचे सूर गोल आहेत, अंगावर येत नाहीत. बायकांचा आवाज चांगला, पण वरच्या पट्टीत गेला की काठ जरा विरलेला वाटतो.

पेटी २: पहिल्यांदा कोरडी वाटली. दुसऱ्या दिवशी तसं वाटलं नाही. बासरीवाल्याने फुंकर घालण्याआधी घेतलेला श्वास या पेटीत ऐकू येतो, १ मध्ये येत नाही. ड्रम थांबतो तिथे थांबतो, मागे शेपूट राहत नाही.

दोन्ही पेट्यांत: गाडी सुरू केली की बारीक शीळ येते. पाय दाबला की ती वर चढते, पाय काढला की उतरते. आणि गाणारी बाई समोर काचेवर नाही, डाव्या दाराला टेकून गाते.

गरम कुठली ते हात लावून पाहिलं नाही. पण मांजराला तुमचा नियम कोणी सांगितला नव्हता. डिकी उघडी होती, ते तासभर पेटी १ वर पाय पोटाशी घेऊन बसलं आणि पेटी २ कडे वळूनही पाहिलं नाही. तेव्हा तुमचं गुपित आमच्या घरात आता तिघांना माहीत आहे.

एक माझ्यापुरतं विचारते. सारख्या चालू-बंद होणाऱ्या यंत्रातून अखंड सूर कसा निघतो, हे मला दोन दिवस कळेना. मग मशीनवर बसल्यावर लक्षात आलं, शिवणाची सुईसुद्धा वर-खालीच करते, आणि टाके बारीक असले की हातभरावरून सरळ रेघ दिसते. हे बरोबर असेल तर कळवा. चूक असेल तर उत्तरात टॉवेल नकोत.

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

टाक्यांचं अगदी बरोबर आहे. बारा वर्षं मी गिऱ्हाइकांसमोर कागदावर आकृत्या काढतोय आणि ती बिचारी मान डोलावून निघून जातायत. यापुढे तुमची सुई सांगणार, तुमचं नाव न घेता.

मांजराचा मात्र मी निषेध करतो. आठ दिवस खपून दोन पेट्या सारख्या केल्या आणि त्या चार पायांच्या मीटरने एका बैठकीत निकाल लावला. आता दादाला १ म्हणजे एबी हे कळलंय म्हटल्यावर तो १ लाच कौल देणार. तरी ऐकायला सांगा.

आणि बासरीतला श्वास. वहिनी, ते वाचून मी कागद खाली ठेवला आणि दोन्ही पेट्यांच्या माझ्याकडच्या जुळ्या पेट्या इथे लावून पाहिल्या. चौथ्या वेळी मला तो श्वास सापडला. मी चाळीस वर्षांचा होतो तेव्हाही मला तो ऐकू आला नसता, आणि दादा या वयात अंगणात बसून ऐकतो. त्याच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं, पण त्याला सांगू नका, आधीच चढलेला असतो.

शिळेबद्दल मात्र त्याला दोन शब्द ऐकवा. इंजिनाबरोबर चढणारी शीळ म्हणजे ॲम्प्लिफायरची अर्थची वायर गाडीच्या रंगावरच आवळलीय. बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर ती लावायची, हे मला त्यानेच शिकवलं, आणि एकदा विसरलो तर आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आता मी बोलत नाही म्हणावं. गाणारी डाव्या दारात गेलीय म्हणजे स्पीकरच्या अंतराची आकडेमोड बिघडली असणार. गेल्या वेळी मी स्वतः टेप धरून दादाच्या कानापासून प्रत्येक स्पीकर मोजला होता आणि त्या हिशोबाने जवळचा आवाज किंचित उशिरा सोडला होता, म्हणजे सगळे त्याच्यापर्यंत एकदम पोचतात आणि गाणारी बरोबर समोर उभी राहते. त्याला पुन्हा मोजायला सांगा.

तुमचा दीर


२ मार्च

भाऊजी,

रंग खरवडला, शीळ गेली. टेपने मोजलं, आकडे तुम्ही लिहून ठेवलेत तेच आले, एका बोटाचाही फरक नाही. गाणारी तरीही डाव्या दारातच आहे. तिला तिथे बरं वाटत असेल तर राहू द्या, आम्ही काही बोलत नाही.

निकाल असा. पेटी २.

मांजरामुळे ती क्लास डी आहे हे माहीत असूनही २. उभ्या गाडीत १ थोडी गोड वाटते, नाकारता येत नाही. पण चालत्या गाडीत, खिडक्या बंद, खाली रस्त्याचा आवाज, तेव्हा १ मधले शब्द गाडीच्या घरघरीत बुडतात. २ मध्ये प्रत्येक शब्द वेगळा उभा राहतो, चांगली इस्त्री केलेल्या शर्टाची घडी दिसते तसा. टॅक्सीत माणूस डोळे मिटून ऐकत नाही, जाता जाता ऐकतो. शिवाय रविवारी दुपारी बाजारापर्यंत जाऊन आलो तर परतताना १ तापून बंद पडली. मग सगळी वाट तुमच्या दादांचं खोकणं ऐकत आलो.

फक्त २ मध्ये वरचे सूर फार मोठ्या आवाजात लावले की थोडी सुरकुती पडते. ती काढता आली तर काढा.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चौथं पाठवतोय, कारण वर्कशॉपमधले कागद संपत आलेत.

तुमचा निकाल वाचून मी आधी खूप हसलो. दादाने धमाधमवाल्याला कौल दिला. दोन्ही कारागिरांना वाचून दाखवलं, त्यांचा विश्वास बसेना. मग मी पेटी २ उघडून ती सुरकुती शोधली. खरंच होती, मीटरवर नीट दिसते, आता काढलीय. मग डाव्या दारातल्या बाईचा छडा लावायला बसलो. माझ्या गाडीत तुमच्याचसारखे आकडे घातले, तीच गाणी लावली. गाणारी बरोबर समोर. पुन्हा मोजलं, पुन्हा समोर. तेवढ्यात मीटरची पिशवी ठेवायला म्हणून मी स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटवर सरकलो. आणि बाई उठून डाव्या दारात गेली.

वहिनी, ते आकडे चालवणाऱ्याच्या कानासाठी आहेत. शेजारी बसणाऱ्याला त्यात डावा स्पीकर आधीच ऐकू येतो. दादा आयुष्यात कधी शेजारच्या सीटवर बसलेला नाही. तुम्हाला दवाखान्यात नेतानाही स्वतःचा पाय प्लॅस्टरमध्ये असून तोच चालवत होता. मग डाव्या सीटवर कोण बसलं होतं?

सुरकुती, विरलेला काठ, इस्त्रीची घडी, हे मी तुमची भर म्हणून सोडून दिलं होतं. आता कागद पुन्हा वाचले तर दादाचं त्यात एकही वाक्य सापडत नाही. चाळीस गाड्यांचा करार टेबलावर आहे आणि मला कळत नाहीये की मी कोणाच्या कानावर सही करतोय. त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. दादाचं काय झालंय? चेष्टा करायची नाही असं ठरवून लिहितोय, तर तुम्हीही खरं लिहा.

तुमचा दीर


१५ मार्च

भाऊजी,

सापडले मी. टॉवेलनंतर आता हे, तुम्हाला पुढची तीस वर्षं पुरेल.

ह्यांना वरचे सूर ऐकू येत नाहीत. साधारण दीड वर्ष झालं. आधी दाराची घंटा गेली, मग फोन, मग माझं स्वयंपाकघरातून बोललेलं. माझा आवाज तसाही बारीक. हे म्हणायचे, तू पुटपुटतेस. मीही भांडायचे, नाही पुटपुटत. डॉक्टरकडे चला म्हटलं की विषय बदलायचे. थिएटरात लोक ह्यांच्या कानाच्या गोष्टी सांगायचे, भाऊजी. त्या माणसाला कसं म्हणायचं, चला, तुमचे कान तपासून येऊ?

हात दुखत नाही. मागच्या डिसेंबरात तुमचं खोकं आलं तेव्हा हे जोडून बसले आणि तासभर गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. गाणं चालू होतं. आत येऊन म्हणाले, "ठीक आहे असं लिहून टाक, माझा हात दुखतोय." बावीस वर्षांत 'ठीक आहे' कधी गेलं नव्हतं. ते वाचून तुम्हाला लगेच कळलं असतं आणि मग खोकी यायची बंद झाली असती, म्हणून चिठ्ठीत मी फक्त हाताचं लिहिलं. निवृत्तीनंतर बाकी सगळं ह्यांनी हळूहळू सोडलं, एवढं एक खोकं आलं की दाढी करून अंगणात उतरतात.

म्हणून या वेळी मी म्हटलं, मी शेजारी बसते, तुम्ही सांगाल ते लगेच लिहिते. हे दोन्ही पेट्यांना "ठीक आहे" म्हणाले. तेव्हा मला ऐकू येत होतं ते मी लिहिलं. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण पस्तीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवलेत, वीस मशीन एकदम चालू असताना कुठलीची सुई वाकडी झालीय ते मला पाठ फिरवूनही सांगता येतं. तसंच ऐकलं. तुमची कामात फसवणूक झाली, त्याबद्दल काय बोलाल ते ऐकून घेईन. निकाल मात्र खोटा नाही, मी दोन्ही पेट्या सोळा दिवस ऐकल्या आहेत.

तुम्ही श्वासाचं कौतुक केलंत ते वाचून मला आनंद झाला आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. ते ह्यांचं कौतुक होतं, ते मी खाल्लं. ह्यांना काही कळू देऊ नका. आणि कृपा करून खोकी बंद करू नका.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

कंपनीला काल कळवलं, पेटी २. मी इथे सात दिवस दोन्ही पेट्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वाजवल्या, मीटरं लावली, दोघा कारागिरांना डोळे बांधून बसवलं. तुमच्या टिपणातला शब्द न् शब्द खरा निघाला. तेव्हा फसवणुकीचं मनातून काढा. गेली बावीस वर्षं घरात दोन जोड कान होते आणि मी एकाच जोडीला खोकी पाठवत होतो, यात मूर्ख कोण ते तुम्ही ठरवा, फक्त लेखी कळवू नका.

दादाचं वाचून मी फार रडलो. हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. शिळेवरून 'आता मी बोलत नाही म्हणावं' असं मी लिहिलं होतं, ते वाक्य मला परत घेता येत नाही.

कानाच्या मशीनची मी चौकशी केलीय. हल्ली चण्याएवढी असते, बाहेरून दिसतसुद्धा नाही. आत ॲम्प्लिफायर असतो, आणि इतक्याशा बॅटरीवर दिवसभर चालायचं म्हणजे तो कुठला असणार हे तुम्हाला आता सांगायला नको. दादाला हे कोण सांगणार, हा प्रश्न आहे. मी येतो. तोवर हे पत्र त्याच्या हाती लागू देऊ नका.

तुमचा दीर


१८ एप्रिल

खटपट्या,

हात उत्तम आहे. अक्षर बघ.

गुप्त पत्र शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवायचं नसतं. त्या खणात माझा चष्म्याचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो, हे तुझ्या वहिनीला एकतीस वर्षांत कळलेलं नाही. तरी तिच्यावर रागावू नकोस, मला आधीपासून माहीत होतं. तुझं २० फेब्रुवारीचं पत्र तिने मला वाचायला दिलं, त्यात बासरीतला श्वास मी ऐकला असं तू लिहिलं होतंस. मला त्या दिवशी बासरीच ऐकू आली नव्हती.

बोललो नाही. का नाही बोललो, ते तुला सांगतो, कारण तिला सांगवत नाही. ही माझ्या गाडीत बसली ती बाजारात जायला नाहीतर दवाखान्यात जायला. गाणं ऐकायला म्हणून शेजारी बसली ती आत्ता, फेब्रुवारीत. सोळा दिवस रोज दीड तास, मांडीवर वही. मी समोर काचेकडे तोंड ठेवून तिच्याकडे बघायचो. शीळ असली की तिचं नाक वर जातं. बायकांचा आवाज विरला की ती स्वतःचा पदर बोटांत धरून चोळते, कापड तपासावं तशी. श्वासाच्या वेळी तिने स्वतःचा श्वास धरला होता, तेव्हा काहीतरी आहे एवढं मला कळलं. मी खरं बोललो असतो तर ती वही मिटून उठली असती, आणि मला ते नको होतं. शीळ मला ऐकू आली नाही म्हणून रंग खरवडायचा राहिला, याबद्दल तुझं न बोलणं मान्य आहे.

तू यायची वाट न बघता मी डॉक्टरकडे जाऊन आलो. एकटाच गेलो, ती शिवणाचा संध्याकाळचा शेवटचा वर्ग घेत होती तेव्हा. मशीन घेतलंय. आत क्लास डीच आहे, मी डॉक्टरला खोदून विचारलं, तो कंटाळला. ज्याला जन्मभर धमाधमवाला म्हटलं तो आता दोन्ही कानांत घालून हिंडतोय. हसून घे, मग पुढचं वाच.

कारागिरांना वायरिंगला बसव. अर्थचा रंग खरवडायला तुझ्याकडे कोणी नीट नाही, हे चाळीस गाड्यांत उघडं पडेल. आणि टिपणं यापुढे तिचीच, तिच्या नावाने. मी जोडून देईन. गाडीतले आकडे बदलून मी शेजारच्या सीटसाठी केलेत.

हे मशीन बोलणं ऐकण्यासाठी केलेलं आहे, गाण्याला चालत नाही. लावून गाणं ऐकलं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. म्हणून गाडीत बसलो की मी ते काढून खिशात ठेवतो. गाणं ती ऐकते. संपलं की मी मशीन लावतो आणि ती काय ऐकलं ते सांगते. गेल्या रविवारी तीन मिनिटांच्या एका गाण्यावर ती पाऊण तास बोलत होती, अगदी तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात. माझा एकही शब्द सुटला नाही.

दादा